अब्बांची वही

(युवक शिबिरातील भाषण)



मला बोलावताना असं सांगितलं होतं की तुमच्या वडिलांविषयी बोला; ईमान, कष्ट आणि खिदमत असा विषय आहे. मी हो म्हणालो आणि नंतर घाबरलो. मेलेल्या बापाविषयी बोलायला उभा राहिलेला मुलगा बहुतेक वेळा खोटं बोलतो. मुद्दाम बोलत नाही, पण मयतीच्या घरी चांगलंच बोलायची आपल्याला सवय असते. दोन-चार वर्षं गेली की बाप पीर होऊन जातो. माझे अब्बा पीर नव्हते. गादीवाले होते. म्हणून आज येताना मी त्यांची एक वही बरोबर आणली आहे. मी कुठे जास्त बोलायला लागलो तर ती समोर असावी.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पिंजारी कधी बघितला नसेल. आडनावं आहेत अजून, नदाफ, मन्सुरी, पिंजारी. पण पिंजण गेली. ती माणसाच्या उंचीची एक कमान असायची, तिला तात ओढून बांधलेली. ती वरून टांगायची, तात कापसात बुडवायची आणि लाकडी ठोक्याने तात वाजवायची. प्रत्येक ठोक्याला दबलेला, घट्ट झालेला कापूस फुलून उडायचा. दादा हे करायचे, अब्बांनीही तरुणपणी केलं. पुढे मशीन आलं. लातूरला गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर आमचं दुकान. पुढे गाद्या, मागे मशीन, वर माळा. अब्बा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, दाढीवर, कानात कापूस. आम्हा पोरांना त्यांची दाढी पांढरी कधी झाली ते कळलंच नाही, कारण ती आम्ही कायम पांढरीच बघितली होती. त्याच कापसाने त्यांची छातीही खाल्ली. शेवटची बारा वर्षं पंप खिशात असायचा.

त्यांचा जन्म साधारण १९४४ चा. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, पण त्या पिढीतले सगळेच १ जूनला जन्मले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात फौज आली. आपल्याकडे जिला पोलीस ॲक्शन म्हणतात, तिच्या मागोमाग आपल्या भागात जे घडलं त्यात दादा घराबाहेर गेले ते परत आले नाहीत. मयत मिळाली नाही. दादीला आणि दोन लेकरांना शेजारच्या लिंगायत घराने त्यांच्या बळदात, ज्वारीच्या पोत्यांमागे, पाच दिवस ठेवलं. ही गोष्ट अब्बा वर्षातून एकदाही सांगत नसत. पण त्या घरातल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात गादी आमच्या दुकानातून गेली आणि तिचं बिल कधी झालं नाही. हे मला नोकरी लागल्यावर समजलं, तेही अम्मीकडून.

तेव्हा अब्बा चार वर्षांचे होते आणि फुफी अकराची. दादी लोकांच्या घरी गोधड्या शिवायची आणि फुफी तिच्याबरोबर. दाभण धरून धरून फुफीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायमचं वाकडं झालं होतं. त्या बोटावर अब्बा सातवीपर्यंत शिकले. नंतर तेही एका गादी कारखान्यात लागले आणि पुढे १९६६ साली स्वतःचं दुकान टाकलं. फुफी लग्न होऊन औशाला गेली. घरची परिस्थिती बेताची होती.

आता वहीकडे येतो. ही लाल कापडाची लांब वही आहे, किराणा दुकानात असते तशी. दुकानाच्या हिशेबाच्या वह्या वेगळ्या होत्या, त्या आम्ही रद्दीत घातल्या. ही अम्मीच्या पेटीत होती. पहिल्या पानावर ७८६, आणि खाली मराठीत लिहिलं आहे, 'दुसऱ्यांचे'. अब्बांना उर्दू वाचता यायची, अडखळत; लिहिताना मात्र ते मराठीच लिहायचे.

पहिली नोंद अम्मीच्या मेहरची आहे. निकाह १९६८ चा, मेहर ५२५ रुपये. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे मेहरचं काय होतं. काझीसाहेब आकडा वाचतात, सगळे कबूल म्हणतात आणि तो आकडा निकाहनाम्यावरच राहतो. नवरा पहिल्या रात्री माफ करून घेतो, किंवा मेल्यावर बायकोला जनाज्याजवळ आणून चार बायका तिला सांगतात, माफ कर गं, त्याची वाट सोपी कर. ती रडणारी बाई काय म्हणणार? अब्बांनी ५२५ रुपये अकरा हप्त्यांत दिले. शेवटचा हप्ता १९७१ च्या मे महिन्यात, ७५ रुपये. पुढे अम्मीचा अंगठा. अम्मीला मी विचारलं, त्या पैशांचं काय केलंस? म्हणाली, एक शिवणयंत्र घेतलं आणि उरलेले तुझ्या बापाला उसने दिले. तेही त्याच पानाच्या मागच्या बाजूला आहेत. उसने घेतले १४०. परत दिले १४०.

त्यानंतरची पानं फुफीची आहेत आणि तीच सगळ्यात जास्त.

दादी १९७९ साली गेली. दादांचं जुनं घर होतं, दगडमातीचं, दोन खणांचं. इतकी वर्षं त्याचं काही केलं नव्हतं. त्यात अब्बाच राहत होते. फुफीने कधी विचारलं नाही. बहिणीने विचारायचं नसतं, अशीच आपल्याकडची समजूत आहे. ईदला साडी, बाळंतपण माहेरी, भाच्याच्या लग्नात आहेर, हाच तिचा हिस्सा. आणि तिने तोंड उघडलं तर माहेर तुटतं, हेही तिला कुणी शिकवावं लागत नाही. सूरह निसामध्ये वारसाचे वाटे इतके स्पष्ट दिलेत की दुसऱ्या कशाचा हिशेब इतका खोलात क्वचितच असेल. १९३७ च्या शरियत कायद्याला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तो आला तेव्हा एक मोठं कारण हेच सांगितलं गेलं की रूढीने मुसलमान बाईचा वारसा बुडतो, तो तिला मिळावा. तलाकवर आपण शंभर सभा घेतल्या, बाजूने घेतल्या, विरोधात घेतल्या. बहिणीच्या वाट्यावर किती घेतल्या?

असो. १९८४ मध्ये अब्बांनी ओळखीच्या दोन माणसांकडून घराची किंमत काढून घेतली. छत्तीस हजार. एका रात्री जेवण झाल्यावर त्यांनी आम्हा तिघा भावंडांना समोर बसवलं आणि चटईवर कापसाचे चोवीस पुंजके मांडले. मी चौदा वर्षांचा, बहीण दहाची, धाकटा सहाचा. म्हणाले, हे दादांचं घर. दादा गेले तेव्हा मागे कोण? दादी, आपा आणि मी. दादीचा आठवा हिस्सा, म्हणजे तीन. तीन पुंजके बाजूला. उरले एकवीस. माझे चौदा, आपाचे सात. मग दादी गेली. तिचे तीन कुणाचे? माझे दोन, आपाचा एक. आता मोजा. माझे सोळा झाले आणि आपाचे आठ. धाकट्याने त्यातले दोन पुंजके नाकात घालून घेतले होते, ते काढण्यात बराच वेळ गेला. पण हिशेब माझ्या डोक्यात बसला. चोवीसातले आठ. एक तृतीयांश. बारा हजार रुपये.

बारा हजार १९८४ मध्ये आमच्याकडे नव्हते. अब्बा औशाला गेले आणि फुफीला म्हणाले की तुझे इतके निघतात, एकदम देता येणार नाहीत, सीझनला सीझनला देईन. फुफी चिडली. मी त्या वेळी बरोबर होतो. 'मैं मांगी क्या तेरे कू?' असं म्हणत तिने चहाचा कप खाली ठेवला. तिला वाटलं भावाला नातं संपवायचंय. अब्बा म्हणाले, तू मागितलं नाहीस, पण ते माझं नाही. ती म्हणाली, मी माफ केलं. तर अब्बा म्हणाले, 'पैले तेरे हात में लेव. फिर तेरे कू देना है तो देव.' हे वाक्य मी पुढे अनेकदा ऐकलं आणि एकदा फार महागात ऐकलं. ते पुढे सांगतो.

गादीच्या धंद्याचा सीझन दसऱ्याच्या आधी सुरू होतो. घटस्थापनेआधी आपल्याकडे हिंदू घरांत सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं, जुन्या गाद्या उसवून परत पिंजायला येतात. मग दिवाळी, मग लग्नं. पावसाळ्यात काहीच नसतं, उलट कापूस दमट होतो. त्यामुळे फुफीच्या नोंदी ऑक्टोबर ते मे अशाच आहेत. २००, ३५०, १००, एका वर्षी फक्त ६०. प्रत्येक नोंदीपुढे बाकी. दर वेळी ते स्वतः एसटीने जाऊन द्यायचे आणि तिथे जेवून यायचे. फुफी पहिली दोन वर्षं तोंड फुगवून घ्यायची. नंतर घेऊ लागली. चौथ्या वर्षी तिने त्यातून दोन शेळ्या घेतल्या. माहेर तुटलं नाही. उलट भाऊ वर्षातून आठ-दहा वेळा घरी यायला लागला.

१९९३ च्या सप्टेंबरात बाकी ११०० होती. ती रक्कम अब्बांनी माळ्यावर डब्यात वेगळी काढून ठेवली होती. दसऱ्याच्या सीझनचा पहिला पैसा आपाचा, असं ठरलेलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, भूकंप झाला. आदल्या रात्रीपर्यंत गणपती विसर्जन चाललं होतं, लोक दमून झोपलेले. किल्लारीच्या भागात माळवदाची घरं, जाड दगडी भिंती, वर मातीचा थर. ती घरं झोपेतल्या माणसांवर बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या लातुरात आम्ही रस्त्यावर आलो, भांडी पडली, भिंतीला चीर गेली, बस. दुपारपर्यंत कळलं की खाली काय झालंय.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. मोहल्ल्यातली पोरं ट्रकने निघाली, मीही गेलो. तिथलं मी आज सांगणार नाही. परत आलो ते पावसात. त्या दिवसांत पाऊस लागला होता आणि वाचलेली माणसं उघड्यावर होती. मी अब्बांना म्हणालो, पांघरुणं नाहीत लोकांकडे. दुकानात कापूस होता, सीझनसाठी भरलेला. खोळीला कापड नव्हतं आणि कापडवाल्याची आधीची उधारी थकलेली. मी म्हणालो, डब्यात अकराशे आहेत ना.

अब्बांनी मशीन बंद केलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'वो मेरा नै, आपा का है.'

मला राग आला. आता वाटतं तसा थोडाथोडका नाही, भयंकर राग आला. मी दोन दिवस जे बघून आलो होतो त्यानंतर मला हा माणूस कंजूष वाटला, कर्मठ वाटला. मी ओरडलो. अब्बांनी छत्री घेतली आणि ते निघून गेले. औशाच्या रस्त्याला मदतीच्या गाड्यांची ही गर्दी. ते कसे गेले माहीत नाही, रात्री नऊला परतले. फुफीच्या घरालाही तडे गेले होते, ती अंगणात ताडपत्रीखाली बसली होती. त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, विचारायला कशाला आलास, दे की. त्या रात्री कापडवाल्याला उठवलं. तीन दिवस दुकानात मशीन थांबलं नाही. अम्मी, बहीण, शेजारच्या बायका टाके घालायला बसल्या. वहीत नोंद अशी आहे: 'आपाचे ११०० पोहोचले. आपाने दिले. किल्लारी, रजया २२.' पुढे बाकी शून्य.

बावीस रजया म्हणजे काहीच नाही. सगळ्या देशातून तिथे मदत येत होती. पण या नोंदीत ही मदत आपाच्या नावावर आहे. कापूस अब्बांचा होता, मजुरी घरची होती, त्याचा वहीत उल्लेख नाही.

त्याच भूकंपाची आणखी एक गोष्ट आहे. दसऱ्याआधी पिंजायला आलेल्या गाद्यांमध्ये तीन गाद्या त्या भागातल्या होत्या, दोन किल्लारीच्या, एक तळणीची. पैसे आधी दिलेले. घ्यायला कुणी आलं नाही. नोव्हेंबरात अब्बा चिठ्ठ्यांवरची नावं घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये फिरले. एका घरातली आजी आणि नात सापडली, त्यांना गादी पोहोचवली. दुसऱ्याचा भाऊ निलंग्याला निघाला, त्याला दिली. तिसऱ्याचं कुणी मिळालं नाही. ती गादी माळ्यावर पाच वर्षं राहिली, चिठ्ठी टाचलेली. आम्ही म्हणायचो, अब्बा, जागा अडते. शेवटी मौलानांना विचारून त्यांनी ती एका गरीब घरी दिली, त्या माणसाच्या नावाने. तो माणूस मुसलमान नव्हता. मौलानांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, अमानत ही अमानत आहे.

मोहल्ल्यात मात्र अब्बांना या कशासाठी ओळखत नव्हते. ते मयतीला गुस्ल देणारे म्हणून ओळखायचे. रात्री-अपरात्री दार वाजलं की अम्मी न विचारता पाणी तापवायला ठेवायची, परत आल्यावर त्यांना अंघोळ लागायची. कफनासाठी कापूस लागतो. त्यासाठी एक वेगळं पोतं असायचं, नवा कापूस, त्यातला गादीत कधी जायचा नाही. पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच. बायकांचं गुस्ल बायका द्यायच्या, कापूस आमच्याकडूनच जायचा. सरकारी दवाखान्यातून बेवारस मयत आली तरी ते जायचे. मी एकदाच बरोबर गेलो आणि बाहेर येऊन ओकलो. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी धाकट्याला घेऊन गेले. धाकटा टिकला. आजही तोच करतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात धाकट्याची बाजू थोडी वाईट दिसेल.

आणि अब्बांचं काय चुकलं तेही सांगितलं पाहिजे. माझी बहीण १९९२ ला बारावी झाली, पहिल्या वर्गात. तिला डी.एड. करायचं होतं. मी आयटीआय करून पुढे डिप्लोमाला होतो, माझी फी चालू होती. अब्बा म्हणाले, दोघांचं झेपणार नाही. कुणाचं थांबलं, ते तुम्हाला सांगायला नको. वर्षभरात तिचं लग्न लावलं. जो माणूस बहिणीचे अकराशे रुपये भूकंपातही हात लावू देत नव्हता, त्याला मुलीचे दोन वर्षांचे शिक्षण हे कुणाचं देणं आहे असं वाटलं नाही. वहीत त्याचं पान नाही. बहिणीने नंतर घरी शिकवण्या घेतल्या, मुलीला फार्मसीला घातलं. तिने मला एकदाच म्हटलं, अब्बांना वाटे मोजता यायचे, पण जे सुरह निसामध्ये आकड्यात लिहिलंय तेवढेच. मला त्यावर उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही नाही.

अब्बा २०१९ च्या डिसेंबरात गेले. धाकट्याने गुस्ल दिलं. चाळीस दिवसांनी आम्ही दोघे भाऊ बसलो. अब्बांसाठी काहीतरी करायचं मनात होतं, सदका-ए-जारिया. मोहल्ल्यात पोरांना अभ्यासाला जागा नाही. दुकान आता तसंही चालत नव्हतं, फोमच्या गाद्यांनी धंदा बसवला होता. खाली भाड्याने द्यायचं आणि माळ्यावर अब्बांच्या नावाची अभ्यासिका काढायची, पाचेक लाख खर्च. मी या चळवळीतल्या मित्रांशी बोललो, सगळ्यांना आवडलं. बोर्डाचा मजकूरही मी लिहिला होता.

नावं लावायची म्हणून एका दस्त लिहिणाऱ्याकडे गेलो. त्याने विचारलं, बहीण किती? एक. मग हक्कसोडपत्र करून टाकू, सोपं पडतं. हे तो ज्या सहजतेने म्हणाला त्याच सहजतेने आम्ही हो म्हणालो. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, आधार कार्ड आणि फोटो घेऊन येते. बस, इतकंच. मित्रांनो, मी स्त्रियांच्या हक्कांवर या मंचावरून बोललेलो माणूस आहे. चटईवरचे चोवीस पुंजके बघितलेला माणूस. मला त्या वेळी काही खटकलं नाही. मनात असं होतं की आपण स्वतःसाठी थोडंच घेतोय, अभ्यासिकेसाठी घेतोय.

निबंधक कार्यालयात जायच्या आदल्या संध्याकाळी बहीण आली. अम्मी पलंगावर होती. अम्मीला अक्षर वाचता येत नाही. तिने विचारलं, उद्या कुठे चाललात? मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मेरा आठवां हिस्सा पैले निकालो.'

आम्हाला वाटलं ती गंमत करतेय. धाकटा हसला. म्हणाला, अम्मी, तुला काय करायचंय, आम्ही आहोत ना. अम्मी म्हणाली, तू आहेस ते मला माहीत आहे, माझे वाटे मोज. मग मीच कागदावर मोजले. अम्मीचा आठवा. उरलेल्याचे पाच भाग, दोघा भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. चाळीस वाटे केले की सगळं पूर्णात बसतं. अम्मीचे पाच, माझे चौदा, धाकट्याचे चौदा, बहिणीचे सात. घर आणि दुकान मिळून किंमत चाळीस लाखांच्या आसपास येत होती, म्हणजे एक वाटा एक लाख. बहिणीचे सात लाख. आमची अभ्यासिका पाच लाखांची.

अम्मीने विचारलं, ही अभ्यासिका कुणाच्या पैशाची? कुणी बोललं नाही. मग तिने बहिणीकडे बघितलं. बहीण म्हणाली, मी देतेय ना खुशीने, अब्बांच्या नावाने आहे. अम्मीने पेटी उघडायला लावली आणि ही वही काढली. भूकंपाचं पान तिला वाचता येत नव्हतं, पण कुठे आहे ते माहीत होतं. मला म्हणाली, वाच. मी वाचलं. मग तेच वाक्य तिने म्हटलं. आधी तिच्या हातात द्या. मग तिला द्यायचं तर देईल.

हक्कसोडपत्र झालं नाही. धाकटा त्या रात्री जेवला नाही. त्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं. अब्बांचं आजारपण त्याने काढलं, दवाखान्याचा खर्च त्याने केला, मी नोकरीच्या गावी होतो. मी म्हणालो, मग तो खर्च कर्ज म्हणून आधी वळता करू. वाटे मोजण्याआधी कफन-दफन आणि कर्ज वजा होतंच. त्याला ते आणखी लागलं. बापाच्या औषधाचं बिल मी मांडू का, म्हणाला. बिल त्याने मांडलं नाही, आणि राग आजही पूर्ण गेलेला नाही. बहिणीशी बोलतो, माझ्याशी कमी. हे सगळं गोड झालं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

पुढे लॉकडाउन आला, वर्ष-दीड वर्ष तसंच गेलं. मग चौघांच्या नावाने वारस नोंद झाली. अम्मीने तिचे पाच वाटे मोडले नाहीत. दुकानाच्या भाड्यातला तिचा आठवा हिस्सा दर महिन्याला तिच्या खात्यात जातो आणि ती नातवंडांना आइस्क्रीमला पैसे देताना आमच्याकडे बघते. बहिणीला तिचे सात लाख हवे होते. होय, हवे होते. एकदा तो तिचा प्रश्न झाला तेव्हा तिने विचार केला आणि सांगितलं की मला पाहिजेत, मुलीचं दुकान काढायचंय, औषधांचं. म्हणजे त्या संध्याकाळी ती जी खुशीने देत होती ती खुशी किती होती, याचा मी नंतर बराच विचार केला.

सात लाख आम्हा दोघांकडे एकदम नव्हते. साडेतीन मी, साडेतीन धाकटा. मी वर्षाला थोडे थोडे देतोय. माझ्या नोंदी अब्बांच्याच वहीत आहेत, फुफीच्या पानांनंतर तीन पानं कोरी सोडून. पहिल्या खेपेला मी ऑनलाइन पाठवले. बहिणीचा फोन आला, पैसे आले, आणि तू? तेव्हापासून मी घेऊन जातो आणि जेवून येतो.

अभ्यासिका झालेली नाही. गेल्या वर्षी भाचीने तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन टेबलं टाकली, संध्याकाळी पाच-सहा मुली तिथे येऊन अभ्यास करतात. त्यावर कुणाच्या नावाचा बोर्ड नाही.

माझ्याकडे अजून ८५ हजार बाकी आहे. वही इथे टेबलावर ठेवतो. चहाच्या वेळी ज्यांना बघायची त्यांनी बघा, फक्त हात कोरडे ठेवा, जुना कागद आहे.